महिन्याची तीस पाने

मराठी दिवाळी अंकाच्या इतिहासात चित्रकाराची जागा पहिल्या रांगेत आहे. का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, आणि तेव्हापासून चित्रांवाचून दिवाळी अंक ही कल्पना मराठी वाचकाला फारशी रुचलेली नाही. दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये स्वतःची ‘दीपावली’ सुरू केली. रघुवीर मुळगावकरांची देवादिकांची चित्रे कॅलेंडरांवरून घराघरांच्या भिंतींवर गेली. शि. द. फडणीसांनी १९५२ च्या ‘मोहिनी’च्या मुखपृष्ठावर उंदीर-मांजरांच्या नक्षीचे कपडे घातलेली तरुण मंडळी उभी केली आणि शब्दावाचून हसवण्याची वाट पाडली. या सगळ्यांवर लेख झाले, प्रदर्शने झाली, पुस्तके निघाली. ते रास्तच आहे.

पण याच काळात आणखी काही मराठी चित्रकार मान खाली घालून बसले होते. त्यांना वर्षातून एक मुखपृष्ठ नव्हे, तर महिन्याला तीस पाने काढायची असत. राम वाईरकर, प्रताप मुळीक, वसंत हळबे, प्रदीप साठे, दिलीप कदम. यांतले किती जण मराठी साहित्यप्रेमी वाचकाला नावाने आठवतात? त्यांनी काढलेले चेहरे मात्र सगळ्यांना आठवतात. ‘अमर चित्रकथे’तला कृष्ण, सुपंडीचे ते चमत्कारिक डोके, डोळ्यांवर टोपी ओढलेला शिकारी शंभू, कालिया कावळा. चेहरा घरोघरी आणि काढणारा बेपत्ता, असा हा उलटा न्याय आहे.

गेली काही वर्षे मी या चित्रकारांच्या कामाच्या मागे आहे. माझ्या संशोधनाला विद्यापीठाची पाटी नाही. पनवेल-उरण रस्त्यावरच्या जासई गावात राहून, पनवेलच्या आणि उरणच्या रद्दीवाल्यांकडून, कधी फोर्टातल्या फूटपाथवरून जमवलेले अंक हाच माझा दप्तरखाना. अंक समोर ठेवायचा, पानावरच्या चौकटी मोजायच्या, एकाच पात्राचा हात पहिल्या पानावर आणि अठ्ठाविसाव्या पानावर कसा काढला आहे ते ताडून पाहायचे, एवढीच माझी पद्धत. तिच्यातून जे हाती लागले ते इथे मांडतो.

सुरुवात मात्र वाईरकरांच्याही आधी करावी लागते. १९६४ च्या मार्चमध्ये टाइम्स ऑफ इंडिया प्रकाशनाने ‘इंद्रजाल कॉमिक्स’चा पहिला अंक बाजारात आणला. त्यात ली फॉकचा फँटम होता. पुढे हिंदी, मराठी आणि इतर भाषांत तो निघू लागला आणि आपल्याकडच्या पोरांचा ‘वेताळ’ झाला. फँटम १९३६ पासून अमेरिकी दैनिकांत रोज एक पट्टी असा छापला जात होता. रोजच्या तीन-चार चौकटींची ती पट्टी उचलून, कापून, मासिकाच्या उभ्या पानात बसवणे हे इंद्रजालच्या कचेरीतले काम. त्या खात्यात काम करणारे एक गृहस्थ होते अनंत पै, मूळचे कारकळचे. परदेशी पट्टीची कापाकापी करता करता चित्रकथेचे पान कसे बांधतात हे त्यांनी तिथे जवळून पाहिले.

१९६७ मध्ये दूरदर्शनवरच्या एका प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक देवांची नावे येतात पण रामाच्या आईचे नाव येत नाही, हे पैंनी पाहिले आणि ‘अमर चित्रकथे’चा विचार पक्का झाला, ही हकिकत बहुतेकांना ठाऊक आहे. तिच्यावर एवढे लिहिले गेले आहे की मी तिथे थांबत नाही. इंडिया बुक हाऊसने ही माला छापायला घेतली. पहिले दहा अंक परदेशी परीकथांचे होते. अकरावा अंक ‘कृष्ण’. चित्रे राम वाईरकरांची. मालेचा खरा जन्म या अकराव्या अंकाचा, आणि मला त्यात रस आहे तो पैंपेक्षा वाईरकरांच्या बाजूने.

सुरुवातीच्या आवृत्त्यांत पैशांची ओढाताण होती, त्यामुळे पूर्ण रंगीत छपाई परवडत नव्हती. पिवळा, निळा आणि हिरवा एवढ्यांवर भागवले जाई. पूर्ण रंग नंतर आले. आता बघा, नायक निळा, त्याचे पीतांबर पिवळे, वृंदावन हिरवे. ज्या कथेला हे तीन रंग पुरतात अशी कृष्णाखेरीज दुसरी कथा शोधून सापडणार नाही. हा योगायोग की हिशेब, याचा निवाडा मी करत नाही. पण गरिबीतले ते तीन रंग त्या पानांवर कुठेही गरीब दिसत नाहीत, याचे श्रेय काढणाऱ्याच्या रेषेला द्यावेच लागते.

वाईरकरांची रेषा कुठून आली? चित्रकाराला ‘तुमची प्रेरणा कोणती’ असे विचारले की तो बहुधा सभ्यपणे एखाद्या गुरूचे नाव घेतो. पान मात्र सगळी नावे सांगते. कृष्णाच्या चेहऱ्यावरची ती गोलाई, डोळ्यांतला तो किंचित ओलावा हा रविवर्म्याच्या शिळाछापांपासून मुळगावकरांच्या कॅलेंडरांपर्यंत आलेला वारसा आहे. रविवर्म्याचा छापखाना शेवटी आपल्या मळवलीलाच स्थिरावला होता, त्यामुळे ही देवमंडळी मराठी मुलखात फार आधीपासून घरची झाली होती. पण कॅलेंडरातला देव उभा राहतो, दर्शन देतो. चित्रकथेतल्या देवाला पळावे लागते, उडी मारावी लागते, कालियाच्या फण्यावर नाचावे लागते. ती चपळाई कॅलेंडरात नव्हती. ती फँटम आणि टार्झनच्या पट्ट्यांतून आली. वाईरकरांनी मुळगावकरांच्या देवाला टार्झनचे पाय दिले, असे मी एकदा एका मित्राला म्हणालो तेव्हा तो रागावला. पण अंक उघडून पाहिल्यावर काही बोलला नाही.

मालेतल्या सगळ्यांची रेषा एकसारखी नव्हती, हेही नोंदवले पाहिजे. ‘मीराबाई’ काढणारे युसुफ लीन राजस्थानी लघुचित्रांकडे झुकले, त्यांची पाने सपाट आणि नक्षीदार वाटतात. पुण्याचे प्रताप मुळीक यांचा ‘शिवाजी’ पाहिला की स्नायू, घोडे, कडेकपारी यांतली त्यांची हुकमत लगेच कळते. संपादकाची शिस्त कडक असूनही काढणाऱ्याचा हात लपत नाही.

आता महिन्याकडे येतो, कारण या लेखाचा जीव तिथे आहे. ‘अमर चित्रकथा’ आधी मासिक होती, नंतर पाक्षिक झाली. अंक तीस पानांचा. माझ्याकडच्या अंकांत पानाला साधारण पाच ते सात चौकटी भरतात. सहाची सरासरी धरली तर एका अंकाला १८० चौकटी होतात. महिन्यातले २५ दिवस कामाचे धरले तर दिवसाला सात. सात चौकटी म्हणजे सात छोटी चित्रे; प्रत्येकात माणसे, कपडे, मागचा वाडा किंवा रान, उजेड कुठून येतो त्याचा विचार, आणि शिवाय बोलण्याच्या फुग्यासाठी मोकळी ठेवलेली जागा.

काम येते ते चौकटीवार लिहिलेल्या मजकुराच्या रूपाने. पहिल्या चौकटीत काय दिसायचे, कोण काय बोलायचे, हे लेखक लिहून देतो. चित्रकाराने आधी पेन्सिलीने पान मांडायचे. मग ते संपादकाकडे जाते. रथाचे चाक त्या काळातले आहे का, रामाच्या मुकुटावर तीन शिखरे होती ती या पानावर दोन कशी झाली, ऋषींच्या आश्रमात हे फूल कुठून आले, असे प्रश्न घेऊन ते परत येते. दुरुस्ती करून मग शाई. शाई म्हणजे इंडियन इंक. बारीक ब्रश आणि टाक, चुकलेल्या रेषेवर पांढरा पोस्टर रंग. त्यानंतर अक्षरे आणि रंगाची खूण. रंग बहुधा दुसऱ्याच्या हातात असतो, त्यामुळे आपल्या रेषेवर शेवटी काय चढणार ते छापून आल्यावरच कळते.

पेन्सिलीला वाचक नसतो. शाईत रेष कायमची होते. पंधरा दिवस पेन्सिलीत गेले तर शाईला दहाच दिवस उरतात, आणि घाईत ओढलेली रेष पुढची पन्नास वर्षे छापली जाते. ज्यांनी चित्रकथेला बालिश म्हणून बाजूला टाकले, त्यांनी एकदा एकच घोडा सात चौकटींत सात बाजूंनी काढून पाहावा.

इंद्रजालच्या अंकाच्या शेवटी पुढच्या अंकाची जाहिरात असे. वाचक त्या वाक्यावर महिनाभर, पंधरवडाभर जगायचा. चित्रकाराच्या घरी वेळ निराळी चालते. वाचकाच्या हातात जो ताजा अंक असतो तो त्याच्यासाठी शिळा झालेला असतो. ज्याची जाहिरात लागली आहे तो छापखान्यात गेलेला असतो. आणि तो स्वतः त्यापुढच्या अंकाच्या अकराव्या पानावर अडलेला असतो. दिवाळी अंकाच्या चित्रकाराला निदान हंगाम असतो. गणपती झाले की घाई, दिवाळी आली की सुटका. मासिक चित्रकथेला सुगी नाही. बारमाही पाणथळ शेतीसारखे ते काम.

मराठी आवृत्तीबद्दल दोन शब्द, कारण याकडे कोणी पाहिलेले मला आढळले नाही. एकाच चित्रावर अनेक भाषांचे अंक निघत. रंगाच्या फिल्म त्याच, फक्त काळ्या अक्षरांची फिल्म बदलायची. फुगे मात्र इंग्रजी मजकुराच्या मापाने आधीच काढलेले. इंग्रजी अक्षरे ओळीत गुमान बसतात. देवनागरीला डोक्यावर वेलांटी आणि रफार, पायाशी उकार. ओळींमधले अंतर वाढते आणि तोच फुगा अपुरा पडतो. मग अनुवादक काय करणार? वाक्य तोडणार. त्यामुळे मराठी चित्रकथेतली माणसे नेहमी तुटक, ठाशीव बोलतात. ‘थांब!’ ‘हे कसले धाडस?’ ‘महाराज, घात झाला!’ माझ्या पिढीच्या नाटकी बोलण्यावर संगीत नाटकांपेक्षा या फुग्यांचा परिणाम जास्त असावा, असे मी गमतीने म्हणतो, पण अगदीच गमतीने नाही.

१९८० च्या नोव्हेंबरमध्ये ‘टिंकल’ सुरू झाले आणि याच चित्रकारांच्या हाताला हसवण्याचे काम आले. त्रिचीच्या पी. वरदराजन नावाच्या वाचकाने पाठवलेल्या गोष्टींतून १९८३ मध्ये सुपंडी आला आणि त्याला रूप दिले ते वाईरकरांनी. ज्या हाताने कृष्ण काढला त्याच हाताने तो बावळट नोकर काढला. देवाच्या चेहऱ्यात एकही रेष जास्त चालत नाही आणि विनोदी चेहऱ्यात जास्तीच्या रेषेवरच सगळे असते. दोन्ही जमणारे थोडे. वाईरकरांच्या मागे त्यांच्या कन्या अर्चना आंबेरकर यांनी सुपंडी पुढे चालू ठेवला. घराण्याची गायकी आपण मानतो, घराण्याची रेषाही असते.

त्याच वर्षी शिकारी शंभू आला, तो वसंत हळब्यांच्या हातचा. शंभूचे डोळे टोपीखाली कायम झाकलेले. चित्रकलेत भाव दाखवायचे पहिले साधन म्हणजे डोळे, आणि हळब्यांनी तेच काढून टाकले. उरल्या मिशा, खांदे, गुडघे. भीती गुडघ्यांत, बढाई मिशांत. मी त्या पानांवरचे शब्द कागदाने झाकून पाहिले आहेत. गोष्ट तरीही कळते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. म्हणजे शिकारी बंदूक टाकून बसल्याला दशक उलटले होते तेव्हा हा भित्रा शिकारी जन्मला, आणि त्याच्या हातून वाघ मरत नाही तर अपघाताने पकडला जातो. काळाचे भान असे हळूच येते. प्रदीप साठ्यांचा कालिया कावळा याच मासिकातला. त्याच्यावर स्वतंत्र लिहायला हवे.

प्रताप मुळीकांचा प्रवास निराळ्या दिशेने गेला. ऐंशीच्या दशकात अमिताभ बच्चनला नायक करून ‘सुप्रीमो’ ही चित्रकथामाला निघाली, तिची चित्रे मुळीकांची. गुलजार त्या मालेचे सल्लागार होते. १९८६ मध्ये दिल्लीच्या राज कॉमिक्सने नागराज आणला, त्याच्या सुरुवातीच्या अंकांवरही ‘प्रताप मुळीक’ हे नाव आहे. उत्तर हिंदुस्थानातल्या गावोगावी भाड्याने कॉमिक वाचणाऱ्या पोरांना हे नाव पाठ होते. पुण्यात बसून मुळीकांनी हिंदी पट्ट्याचा सर्पनायक घडवला आणि पुण्याच्या साहित्यवर्तुळाला त्याची खबरही नव्हती. हिंदीभाषक संग्राहक आजही मुळीकांच्या पानांवर तासन्तास बोलतात. आपल्याकडे हे नाव घेतले की पुन्हा विचारतात, ‘कोण?’

दिलीप कदमांचे काम मला या सगळ्यांत मोठे वाटते. १९८५ पासून ‘अमर चित्रकथे’ने महाभारत ४२ भागांत काढले. चित्रे कदमांची. भागाला तीस पाने धरली तरी साडेबाराशेच्या वर पाने होतात. चोप्रांचे महाभारत दूरदर्शनवर आले ते १९८८ च्या ऑक्टोबरात. म्हणजे नितीश भारद्वाज यांचा कृष्ण दिसण्याच्या आधी तीन वर्षे असंख्य घरांत कदमांचा कृष्ण पोहोचला होता. महाभारत काढणे म्हणजे काय याचा अंदाज करा. शंभर कौरव, पाच पांडव, त्यांची मुले, आजोबा, मामे. प्रत्येकाचा चेहरा ओळखू यायला हवा आणि भाग पहिला ते बेचाळीस त्याचे वय वाढायला हवे. भीष्म तरुण, भीष्म प्रौढ, भीष्म शरपंजरी, तिन्ही एकच माणूस वाटला पाहिजे. कदमांच्या पानांवर तो वाटतो.

आणि गर्दी! युद्धाच्या चौकटीत ते मागची माणसे नुसत्या ठिपक्यांनी भागवत नाहीत. तिसऱ्या रांगेतल्या शिपायाचीही मान वळलेली असते. या गर्दीकडे मी पुन्हा येणार आहे.

कदमांनीच १९७९ साली ‘बाबासाहेब आंबेडकर’ हा अंकही काढला. ‘अमर’ या शब्दात कोणाला जागा मिळते, याचा वाद या मालेभोवती फार झाला आहे. राजे, संत, पतिव्रता आणि क्रांतिवीर यांचीच रांग, असा आक्षेप अभ्यासकांनी घेतला, आणि तो खोटा नाही. तरीही तो अंक निघाला हेही खरे. २०११ मध्ये ‘भीमायन’ आले तेव्हा तेच आयुष्य दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी दुसऱ्याच रीतीने मांडले. त्यांनी माणसांना चौकटीत कोंडायला नकार दिला. गोंडांच्या दिगण्याच्या नक्षीने पान विभागले. गोड बोलणाऱ्याचे शब्द पक्ष्याच्या आकारात, विषारी बोलणाऱ्याच्या शब्दाला विंचवाची नांगी. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून पाहावीत. कदमांचे पान तुम्हाला हाताला धरून नेते, व्यामांचे पान अंगणात सोडून देते. मला दोन्ही हवीत, पण पोरांच्या हातात पहिले कदमांचे द्यावे असे माझे मत.

गोंडांचे नाव निघाले म्हणून आपल्या घरचे आठवले. आपण कॉमिकला ‘चित्रकथा’ म्हणतो, आणि कुडाळ तालुक्यातल्या पिंगुळीचे ठाकर कलावंत ‘चित्रकथी’ नावाने पिढ्यान्पिढ्या हाच धंदा करत आले. चित्रांची पोथी मांडीवर घ्यायची, एकेक पान पुढे करायचे आणि रामायण-महाभारत गाऊन सांगायचे. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त चित्रकथकाचा उल्लेख आहे. २०२१ मध्ये पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा वृत्तपत्रांना हा शब्द आठवला. चित्रकथी आणि चित्रकथाकार यांच्यात मोठा फरक एक: चित्रकथ्याची पोथी त्याच्या घरी राहते. चित्रकथाकाराचे पान घरी राहत नाही.

हा प्रश्न जगभर आहे. १९३८ मध्ये सिगल आणि शुस्टर या दोन तरुणांनी सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरला दिले आणि उरलेले आयुष्य कोर्टाच्या पायऱ्या चढण्यात घालवले. जॅक कर्बीसारख्या दिग्गजाला स्वतःच्या हाताने काढलेली मूळ पाने मार्व्हलकडून परत मिळवायला ऐंशीच्या दशकात झगडावे लागले, आणि मिळाली तीही थोडीच. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातले ५७ वे कलम निर्मात्याला त्याच्या नावाचा हक्क देते, मग मालकी कोणाचीही असो. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटगीतांच्या कवींना आणि संगीतकारांना मानधनाचा कायमचा वाटा मिळण्याची सोय झाली. पुस्तकांसाठी आणि अंकांसाठी चित्रे काढणाऱ्यांना तशी सोय त्या दुरुस्तीत नाही. गाण्याच्या मागे लता आणि जावेद अख्तर उभे राहिले. चित्राच्या मागे कोण उभे राहणार?

म्हणून मला पाने मोजावीशी वाटतात. अंकाच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरांत असलेले चित्रकाराचे नाव ग्रंथालयाच्या कार्डावर येत नाही. तिथे संपादकाचे नाव येते. मी पाहिलेल्या यादीपत्रकांत कदमांचे महाभारत कदमांच्या नावावर लागत नाही. ज्याने साडेबाराशे पाने काढली त्याचे नाव टाकून शोधले तर ते सापडू नये, हे मला पटत नाही.

आता हे सगळे जासईत बसून का लिहावे, याचे उत्तर गावात आहे. जासई हे दि. बा. पाटलांचे गाव. १३ जानेवारी १९२६ चा त्यांचा जन्म. शेतकरी कामगार पक्षाचे आमदार, विधानसभेतले विरोधी पक्षनेते, खासदार. १९७० मध्ये सिडको आली. ठाणे-रायगडातल्या ९५ गावांची भातशेती आणि मिठागरे नवी मुंबईसाठी घ्यायचे ठरले. दर आणि परतावा यांवरून आंदोलन पेटले आणि १६ व १७ जानेवारी १९८४ या दोन दिवसांत पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. त्यातून पुढे विकसित जमिनीचा साडेबारा टक्के परतावा आला, आणि देशातल्या इतर भूसंपादनांत त्याचा दाखला दिला जाऊ लागला. दर जानेवारीला हुतात्म्यांना इथे मानवंदना दिली जाते. भाषणे होतात, पत्रके निघतात, पुस्तकेही आहेत. चित्रकथा नाही.

त्या वर्षी मी शाळेत होतो. उरणच्या एस.टी. स्टँडवरच्या पेपरवाल्याकडून वेताळ आणायचो. डेंकालीच्या जंगलात पिग्मी विषारी बाण घेऊन उभे राहतात ते मला तपशीलवार माहीत होते. दास्तान फाट्यावर माझ्या ओळखीची माणसे काय घेऊन उभी राहिली, ते मात्र मी फक्त ऐकले.

जमिनीच्या लढ्याची चित्रकथा होऊ शकते याचा दाखला आपल्या देशात आहे. ओरिजित सेन यांनी १९९४ मध्ये नर्मदेच्या धरणावर ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ काढले. भारतातली पहिली चित्रकादंबरी म्हणून तिचा उल्लेख होतो. एक पत्रकार धरणाच्या खोऱ्यात जातो आणि त्याच्या प्रवासाला आदिवासींची उत्पत्तिकथा येऊन मिळते. नव्वदच्या दशकात जो सॅकोने पॅलेस्टाइनमधल्या छावण्यांत फिरून माणसांच्या मुलाखती घेतल्या आणि त्या नऊ अंकांच्या मालेत काढल्या. आर्ट स्पीगलमनच्या ‘माउस’ला १९९२ मध्ये पुलित्झर मिळाले. म्हणजे साधन बालिश आहे ही सबब आता चालणार नाही.

आमच्या गावातली एक मुलगी हे काम अंगावर घेऊन बसली आहे. तिचे नाव इथे देत नाही, काम पुरे झाले की ती स्वतः देईल. दिवसा न्हावा-शेव्याच्या बंदराशी संबंधित एका कचेरीत नोकरी, रात्री टॅब्लेटवर चित्रे. महिन्याला आठ पाने असा तिने स्वतःशी नेम केला आहे. जूनमध्ये आठ झाली, जुलैत पाच, गणपतीच्या महिन्यात दोनच. पहिला भाग जानेवारीच्या मानवंदनेपर्यंत छापायचा तिचा बेत आहे. बत्तीस पाने, काळ्या-पांढऱ्यात, कारण रंगाला वेळही नाही आणि पैसाही नाही. सॅको तिने स्वतः शोधला. कदमांचे महाभारत तिला मी दिले, पंधरा भाग, जेवढे माझ्याकडे दुबार होते तेवढे.

तिने ते वाचायला नव्हे, गर्दी पाहायला नेले. आमच्या आंदोलनात नायक एक नव्हता, हजारो होते, आणि एकाचा चेहरा मोठा करून बाकीच्यांचे ठिपके केले तर ते खोटे होईल, हे तिचे म्हणणे. कदम तिसऱ्या रांगेतल्या शिपायाची मान कशी वळवतात ते तिने कागदावर उतरवून पाहिले. मग तिच्या लक्षात आले की महाभारतातल्या गर्दीत बाया नाहीत. आमच्याकडे बाया पुढे होत्या. काष्टा घातलेली आगरी बाई पळताना लुगडे कसे दिसते, हे ना कदमांत मिळते, ना सॅकोत. ते तिने आजीला अंगणात पळायला लावून काढले. आजी दोनदा पळाली, तिसऱ्यांदा म्हणाली, ‘बय, आता जेव्हा गोली झारशील तेव्हा पलेन.’

सध्या ती सातव्या पानावर अडली आहे. फाट्याचा देखावा हवा. आज तिथे उड्डाणपूल, कंटेनरचे ट्रेलर, गोदामे. १९८४ च्या सकाळी तिथून काय दिसत होते? भाताचे खाचर कुठवर होते, बांध किती उंच, मिठागराचे पाणी रस्त्याला कुठे भिडे, पोलीस उभे होते ती बाजू चढाची की उताराची? वृत्तपत्रांतल्या छायाचित्रांत माणसे आहेत, जमीन फारशी दिसत नाही. आम्ही जुन्या मंडळींकडे जाऊ लागलो आहोत. वही नेतो. म्हातारे बोलत नाहीत, पेन्सिल मागतात आणि स्वतःच रेघ ओढतात: हा रस्ता, हा बांध, इथे मी होतो. आतापर्यंत अकरा जणांनी अकरा रस्ते काढून दिले. नऊ जणांच्या रेघेत उजव्या हाताला एक चिंच आहे.

ती चिंच सातव्या पानावर आली आहे. पान पेन्सिलीत आहे. उरलेल्या दोघांना येत्या रविवारी पुन्हा भेटायचे आहे, मग शाई.